मोटारसायकल अपघातात लुळा पडलेला हात: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लातूर, बीड, धाराशिव, परभणी या भागातले पेशंट आणि त्यांच्या घरचे फोनवर, ओपीडीच्या बाकड्यावर आणि कधी कधी रस्त्यात थांबवूनही जे विचारतात, ते इथे एकत्र केलं आहे. मी फिजिओथेरपिस्ट आहे, सर्जन नाही. तुमचा हात मी तपासलेला नाही, तेव्हा हे वाचून कोणतीही गोळी आपल्या मनाने सुरू किंवा बंद करू नका. अपघाताला सहा महिने झाले नसतील तर आधी प्रश्न ४ वाचा, बाकीचं नंतर वाचलं तरी चालेल.

१. हाड मोडलं नाही, एक्स-रे नॉर्मल आहे. मग हात उचलत का नाही?

एक्स-रेमध्ये नसा दिसत नाहीत. हात हलवणाऱ्या नसा मानेतून येतात. सी ५, सी ६, सी ७, सी ८ आणि टी १ अशी पाच मुळं मणक्यातून बाहेर पडतात, कॉलर बोनच्या मागे एकमेकांत गुंफतात आणि तिथून खांदा, दंड, मनगट, बोटं यांच्याकडे फाटे जातात. या जाळ्याला ब्रेकियल प्लेक्सस म्हणतात. गाडीवरून उडालेला माणूस खांद्यावर आपटतो आणि डोकं दुसऱ्या बाजूला फेकलं जातं. त्या झटक्यात मान आणि खांदा एकमेकांपासून ओढले जातात, नसा ताणतात किंवा तुटतात. हात जागच्या जागी असतो, सूजही फार नसते, पण हलवायला गेलं की हलत नाही.

हेल्मेट ही इजा टाळू शकत नाही. त्यावरून कुणी ‘मग हेल्मेट कशाला’ असं म्हणू नये. हात गेलेले पेशंट माझ्याकडे चालत येतात, डोक्याला मार लागलेल्यांना घरचे उचलून आणतात.

२. एक डॉक्टर म्हणतात नस दबली, दुसरे म्हणतात तुटली. खरं काय ते कसं कळणार?

ढोबळमानाने तीन प्रकार असतात. नस नुसती ताणली गेली असेल तर काही आठवड्यांत, फार तर तीनेक महिन्यांत हालचाल परतू लागते. नस मधेच तुटली असेल तर ती आपोआप नीट जुळत नाही, तिथे दुसऱ्या नसेचा तुकडा जोडावा लागतो. तिसरा प्रकार सगळ्यात वाईट: मूळच मज्जारज्जूतून उपटून निघतं. ते परत लावता येत नाही. एकाच हातात हे तिन्ही प्रकार असू शकतात, म्हणून दोन डॉक्टरांची वाक्यं वेगळी वाटली तरी दोघेही बरोबर असण्याची शक्यता आहे.

तपासण्या दोन: ईएमजी-एनसीव्ही (नसा आणि स्नायूंमधून वीज नीट जाते का हे बघणारी तपासणी) आणि मानेसकट प्लेक्ससचा एमआरआय. ईएमजी पहिल्या तीन आठवड्यांत करून उपयोग नाही, रिपोर्ट फसवा येतो. चौथ्या आठवड्यात करा. घरी बघण्यासारखी एक खूणही आहे. ज्या बाजूचा हात गेला त्याच बाजूची पापणी थोडी खाली आली असेल आणि बाहुली दुसऱ्या डोळ्यापेक्षा लहान दिसत असेल, तर खालची मुळं उपटल्याचा तो इशारा असू शकतो. अपघातानंतरचा डोळ्यांचा फोटो मोबाईलमध्ये असला तर डॉक्टरांना आवर्जून दाखवा.

३. खांदा आणि कोपर चालत नाही, पण बोटं हलतात. हे चांगलं की वाईट?

तुलनेने चांगलं. वरची मुळं गेली आहेत, खालची शाबूत आहेत. बोटं चालत असली तर ऑपरेशनसाठी सर्जनच्या हातात बऱ्याच वाटा राहतात (प्रश्न ६). खांद्यापासून बोटांपर्यंत सगळाच हात गेला असेल तर मार्ग अवघड असतो.

४. ‘वाट बघा, हळूहळू येईल’ असं सांगितलंय. किती वाट बघायची?

तीन महिने. तेही हातावर हात ठेवून नाही, दर महिन्याला तपासणी करून.

याचं कारण नीट समजून घ्या. नस दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढते, म्हणजे महिन्याला तीन सेंटिमीटर. मानेपासून दंडाच्या बेटकुळीपर्यंत वीस-पंचवीस सेंटिमीटर अंतर असतं. आज नस जोडली तरी तिथे पोचायला सात-आठ महिने जातात. तळहातापर्यंत दोन वर्षं. इकडे नस तुटलेला स्नायू वाळत जातो, आणि वर्ष-दीड वर्षानंतर नस पोचली तरी तो तिला दाद देत नाही. विहिरीवरची मोटार चांगली आहे पण वायर तुटली, आणि वायर जोडेपर्यंत मोटारच गंजली, असा हा प्रकार. म्हणून नसांचं ऑपरेशन तीन ते सहा महिन्यांच्या आत झालेलं उत्तम. नऊ महिन्यांनंतर फायदा कमी होत जातो आणि वर्ष उलटल्यावर बहुतेक सर्जन नसांना हात लावत नाहीत.

आता आपल्याकडे काय होतं ते बघा. ऊसाचा हंगाम सुरू झाला की रात्री बिनरिफ्लेक्टरच्या दोन-दोन ट्रॉल्या रस्त्यावर असतात आणि मोटारसायकल मागून धडकते. आधी जीव वाचवायचा, ते बरोबरच. मग कॉलर बोनला प्लेट बसते. हाड जुळेपर्यंत दीड-दोन महिने हात झोळीत, म्हणून हालत नाही हे कुणाच्या लक्षात येत नाही. झोळी निघाल्यावर कळतं. मग कुणी तेल सांगतं, कुणी पट्टा बांधणारा सांगतं, कुणी नवस. सोयाबीन विकल्यावर पुण्याला जाऊ असं ठरतं. माझ्यापर्यंत पेशंट येतो तेव्हा कागदावर दहा महिने झालेले असतात. यात दोष कुणा एकाचा नाही. तारखेकडे कुणी बघत नाही, एवढंच.

तेव्हा असं करा. अपघाताची तारीख फाईलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहा. सहा आठवड्यांत नसांचं ऑपरेशन करणाऱ्या सर्जनला एकदा दाखवा. तीन महिन्यांत कोपर वाकवणारा स्नायू जराही फुरफुरला नाही, तर ‘आता पुढे काय’ असं थेट विचारा. मुळं उपटल्याचं एमआरआयमध्ये स्पष्ट दिसत असेल तर तीन महिनेही थांबायचं कारण नाही.

५. दाखवायचं कुठे? आमच्या तालुक्यात तर एकच हाडाचे डॉक्टर आहेत.

पहिली तपासणी, ईएमजी आणि फिजिओ यासाठी जवळचं सरकारी मेडिकल कॉलेज गाठा: संभाजीनगरची घाटी, अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ, लातूर किंवा नांदेडजवळचं विष्णुपुरी. प्रत्यक्ष ऑपरेशनसाठी बहुतेकांना पुणे, मुंबई किंवा हैदराबादला जावं लागतं. नांदेड-धर्माबादकडच्यांना हैदराबाद सोयीचं पडतं. हे काम कुठे प्लास्टिक सर्जन करतात, कुठे हँड सर्जन, कुठे न्यूरोसर्जन. पाटीवर काय लिहिलंय यापेक्षा एकच प्रश्न विचारा: ‘ब्रेकियल प्लेक्ससची ऑपरेशनं तुम्ही नेहमी करता का?’ चांगला डॉक्टर या प्रश्नाने रागावत नाही.

६. ऑपरेशनमध्ये नेमकं करतात काय? हात पहिल्यासारखा होतो का?

पहिल्यासारखा होत नाही. हे सुरुवातीलाच स्वीकारलेलं बरं, कारण यावरच पुढची निराशा अवलंबून असते. सर्जनचा पहिला हट्ट कोपर वाकवण्याचा असतो, दुसरा खांदा स्थिर करून थोडा उचलण्याचा. बोटं त्यानंतर.

नस मधेच तुटली असेल तर पिंडरीमागची, फक्त संवेदना देणारी एक नस काढून तिचा तुकडा जोडतात. पायाच्या बाहेरच्या कडेला थोडा बधिरपणा राहतो, चालण्यावर परिणाम होत नाही. मूळ उपटलं असेल तर उसनी नस आणतात. बोटं चालत असतील तर मनगटाकडे जाणाऱ्या अल्नर नसेतला एक धागा दंडाच्या स्नायूला जोडतात. सगळा हात गेला असेल तर बरगड्यांमधल्या, श्वासाच्या नसा वळवतात. खांद्यासाठी मानेजवळची, खांदा उडवायची नस वापरतात.

यातली गंमत पुढे येते. बरगडीची नस जोडलेल्या पेशंटला सुरुवातीला कोपर वाकवायला खोल श्वास घ्यावा लागतो. अल्नरचा धागा जोडलेल्याला आधी मूठ आवळावी लागते. रेणापूरकडचा एक मुलगा टेबलावर बसून श्वास ओढायचा आणि आम्ही दोघं त्याच्या दंडाकडे बघत राहायचो. एक दिवस कातडीखाली बारीकशी लाट सरकली. हात हलला नव्हता, नुसता स्नायू थरथरला होता, पण त्याची आई दारातूनच ओरडली. तिथून ग्लास तोंडापर्यंत न्यायला वर्षभर लागलं. मेंदू हळूहळू नवा रस्ता शिकतो आणि मग श्वासाची गरज उरत नाही, पण त्यासाठी सराव रोज लागतो.

७. आम्हाला उशीर झाला, दीड वर्ष झालं. आता काहीच नाही का?

नसांचं ऑपरेशन बहुधा नाही, पण इतर वाटा आहेत. चालू असलेल्या स्नायूची दोरी न चालणाऱ्या जागी वळवता येते. मांडीतला एक स्नायू त्याच्या रक्तवाहिन्यांसकट दंडात बसवून त्याला नवी नस जोडता येते. सैल लटकणारा खांदा एका स्थितीत पक्का करता येतो. ही ऑपरेशनं दोन-तीन वर्षांनंतरही होतात. अट एकच: सांधे आखडलेले नसावेत. खांदा, कोपर, बोटं दुसऱ्या हाताने रोज पूर्ण हलवत राहिलात तर ही दारं उघडी राहतात.

८. तेल, शेक, बी १२ची इंजेक्शनं, करंट... यातलं काय करावं?

हलक्या हाताने तेल लावायला हरकत नाही, कातडी मऊ राहते आणि घरच्यांनाही काही केल्याचं समाधान मिळतं. हात ओढणं, झटका देणं, घट्ट पट्टे बांधणं मात्र अजिबात नको. ताणलेली नस त्याने तुटू शकते. गरम विटेचा किंवा पिशवीचा शेक बधिर हाताला देऊच नका (प्रश्न ११).

बी १२ शरीरात कमी असेल तर घ्यावं. तुटलेली नस इंजेक्शनाने जुळत नाही, महिनोन्‌महिने इंजेक्शनं घेत ऑपरेशनची वेळ घालवू नका. करंटचंही तसंच. स्नायूला बाहेरून आकुंचन देता येतं, नस त्याने उगवत नाही. फिजिओ म्हणजे फक्त करंट असा समज आमच्याच क्षेत्रातल्या काहींनी करून दिला आहे. मशीन लावून वीस मिनिटं निघून जाणाऱ्यापेक्षा सांधे हलवून घेणारा आणि घरी काय करायचं ते शिकवणारा फिजिओ शोधा.

९. हातात काहीच कळत नाही, मग एवढी आग का होते? रात्री झोप लागत नाही.

हे दुखणं खरं आहे. ‘मनाचं आहे’ असं कुणी म्हटलं तर सोडून द्या. मूळ उपटलं की मज्जारज्जूतल्या पेशी बेफाम संदेश पाठवू लागतात, आणि मेंदूला ते हातातून आल्यासारखे वाटतात. पेशंट सांगतात ते असं: तळहात तव्यावर ठेवलाय, बोटं कुणीतरी चेचतंय, मधेच करंटचा झटका बसतो.

साध्या पेनकिलरचा फारसा उपयोग होत नाही, शिवाय रोज घेतल्या तर मूत्रपिंडावर ताण येतो. प्रीगॅबालिन, गॅबापेंटिन, अमिट्रिप्टिलिन, ड्युलॉक्सेटिन ही नसांच्या दुखण्याची औषधं आहेत. डोस हळूहळू वाढवावा लागतो, सुरुवातीला गुंगी येते, आणि एकदम बंद केली तर त्रास होतो. मन कामात असलं की दुखणं मागे सरतं, हे जवळजवळ प्रत्येक पेशंट सांगतो. दारूने दोन तास बरं वाटतं आणि या गोळ्यांबरोबर दारू धोकादायक आहे. वर्षानुवर्षं औषधाला दाद न देणाऱ्या दुखण्यासाठी मज्जारज्जूवरचं एक ऑपरेशन असतं, पण ते शेवटच्या पायरीवर.

१०. असा हात ठेवून काय उपयोग? कापून टाकला तर दुखणं जाईल ना?

उपटलेल्या मुळाचं दुखणं जात नाही. ते मज्जारज्जूत आहे, हातात नाही. हात काढल्यावरही ‘हात’ दुखत राहतो. लटकत्या हाताचं ओझं, खांद्याची ओढ, सारख्या होणाऱ्या जखमा या कारणांनी काही थोडे जण विचारपूर्वक तो निर्णय घेतात, आणि त्यांच्या बाबतीत तो बरोबरही असतो. फक्त दुखण्यासाठी घेऊ नका, आणि पहिल्या दोन वर्षांत तर नकोच.

११. बधिर हाताची काय काळजी घ्यायची?

डोळ्यांनी घ्यायची. हात सांगत नाही, म्हणून रोज रात्री बोटांच्या बेचक्यांसकट बघायचा. भाजलेल्या जखमा सगळ्यात जास्त येतात: चुलीजवळ, सायलेन्सरला, थंडीत शेकोटीला, चहाच्या ग्लासला. बादलीतलं पाणी चांगल्या हाताने आधी बघा. उन्हाळ्यात गाडीचं तापलेलं सीट विसरू नका. बिडी-सिगारेट त्या बोटांत धरू नका. खरं तर सोडाच, तंबाखूने नसेचं भरून येणं मंदावतं. जखम झाली तर दुखत नाही म्हणून दुर्लक्ष होतं. शुगर असलेल्यांनी विशेष जपावं.

१२. झोळी सतत बांधायची का?

उभं असताना आणि चालताना हो. नाहीतर हाताच्या वजनाने खांदा निखळतो. बसल्यावर हात उशीवर किंवा टेबलावर ठेवा आणि झोळी काढा. चोवीस तास झोळी म्हणजे आखडलेलं कोपर. मेडिकलमधली मानेवर ताण देणारी अरुंद पट्टी टाळा, ओझं दुसऱ्या खांद्यावर आणि पाठीवर वाटणारी घ्या.

१३. उजवाच हात गेला. रोजची कामं कशी करायची?

डावा हात तीन-चार महिन्यांत सही करायला लागतो, सहा महिन्यांत बरंच काही. बँकेत नवी सही नोंदवून घ्या. शर्टाची खालची बटणं आधी लावून ठेवा आणि शर्ट डोक्यावरून घाला. नाडी काढून इलॅस्टिक टाका. नेलकटर लाकडी फळीवर स्क्रूने पक्का केला की चांगल्या हाताची नखंही त्याच हाताने कापता येतात. परातीखाली ओलं फडकं घातलं की परात फिरत नाही. केजकडच्या एक मावशी एका हाताने भाकरी थापतात. पूर्वीइतकी मोठी होत नाही, पण पुरीसारखी फुगते. भाजी चिरायला सुरीपेक्षा विळी बरी, कारण ती पायाने दाबलेली असते. मात्र बधिर हात पात्याच्या आसपास नको.

खरी अडचण वेगळीच असते. पंगतीत डाव्या हाताने जेवायचं, प्रसादाला डावा हात पुढे करायचा, वडीलधाऱ्यांना डाव्या हाताने पैसे द्यायचे. पुरुष पेशंट याच कारणाने लग्नकार्याला जायचं टाळतात. माझं मत विचाराल तर जावं, आणि डावा हात पुढे करावा. पहिल्या पंगतीला चार जण बघतात, तिसऱ्या पंगतीला कुणी बघत नाही. शौचाला आणि जेवायला एकच हात उरतो, म्हणून साबण मात्र कडक पाळा.

१४. दंडाचं हाड मोडलं आणि फक्त मनगट लुळं पडलंय. हेही तेच का?

नाही. ही दंडाच्या हाडाला वळसा घालून जाणारी रेडियल नस. खांदा, कोपर चालतं, पण मनगट आणि बोटं वर उचलत नाहीत. बंद फ्रॅक्चरमध्ये यातले बहुतेक पेशंट तीन-चार महिन्यांत आपोआप सुधारतात. तोवर मनगट वर धरणारा स्प्लिंट लावा. इथे ‘वाट बघा’ हा सल्ला बऱ्याचदा योग्य असतो, त्यामुळेच प्रश्न ४शी गल्लत होते.

१५. परत मोटारसायकल चालवता येईल का?

एक हात लुळा असताना नाही. ब्रेक, क्लच, तोल यातलं काही ना काही सुटतं. ‘गावातल्या गावात’ हाही अपवाद नाही. ऑटोमॅटिक, बदल केलेली चारचाकी आरटीओच्या परवानगीने चालवता येते, पण बदल आरसीवर आणि लायसनवर नोंदवून घ्यावा लागतो. ते न करता चालवलीत तर विमा कंपनी बोट दाखवते.

१६. दिव्यांग प्रमाणपत्र लगेच काढावं का?

२०१६च्या कायद्याखाली ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असेल तर सवलती मिळतात. अर्ज स्वावलंबन पोर्टलवर करायचा, तपासणी जिल्हा रुग्णालय किंवा मेडिकल कॉलेजच्या बोर्डापुढे. उपचार चालू असून सुधारणेची शक्यता असेल तर बोर्ड तात्पुरतं प्रमाणपत्र देतं. तेही घ्या. एसटीची सवलत, संजय गांधी निराधारचा अर्ज, नोकरीतलं आरक्षण यासाठी हे कार्ड लागतं.

सरकारी नोकरीत असताना हात गेला तर कलम २०नुसार नोकरीवरून काढता येत नाही. जुनं काम झेपत नसेल तर त्याच पगारावर दुसरं काम द्यावं लागतं. एसटीचे ड्रायव्हर, वायरमन यांनी घाईत राजीनामा लिहून देऊ नये.

१७. खर्चाचं काय? कुठून काय मिळतं?

महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. तुमचं ऑपरेशन यादीत बसतं का, हे भरती होण्याआधी त्या हॉस्पिटलच्या आरोग्यमित्राकडून लेखी घ्या. शेतकरी कुटुंब असेल तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना बघा: एक अवयव निकामी झाल्यास १ लाख. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्याकडे, आणि महिन्याच्या आत. ‘निकामी’ हे सिद्ध करायला सिव्हिल सर्जनचा दाखला लागतो, तिथे फाईल अडकते. पण अर्ज वेळेत टाकलेला असला तर कागद मागून जोडता येतात.

समोरच्या वाहनाची चूक असेल तर मोटार अपघात न्यायाधिकरणात दावा. २०२२पासून कायद्यात सहा महिन्यांची मुदत आहे, ती पाळा. दावा तुम्ही राहता त्या जिल्ह्यातही टाकता येतो. वाहन पळून गेलं असेल तर गंभीर दुखापतीसाठी ५० हजारांची हिट अँड रन भरपाई आहे, त्यासाठी एफआयआर हवाच. खड्डा, कुत्रं, स्वतःचं घसरणं यात थर्ड पार्टी विमा तुम्हाला काही देत नाही. पॉलिसीत मालक-चालकाचं १५ लाखांचं वैयक्तिक अपघात संरक्षण घेतलेलं असेल तर तेवढी आशा, पण ते मृत्यू आणि ठरावीक कायमच्या अपंगत्वालाच लागू होतं.

१८. माझं लायसन नव्हतं. दावा बाद होईल का?

चूक समोरच्याची असेल तर निव्वळ लायसन नव्हतं म्हणून तुमचा निष्काळजीपणा सिद्ध होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे. दंड वेगळा. मात्र प्रश्न १७मधल्या वैयक्तिक अपघात संरक्षणाला लायसन लागतंच.

१९. प्रमाणपत्रावर ५० टक्के आहे, पण मी गवंडी. मला तर शंभर टक्के काम बंद झालंय. भरपाई पन्नास टक्क्यांचीच का?

तशी असायला नको. प्रमाणपत्रावरचे टक्के शरीराचे असतात. न्यायाधिकरणाने बघायची ती कमाईची क्षमता, आणि दोन्ही आकडे एकच धरू नयेत, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१०मध्ये स्पष्ट केलं आहे. एका हाताने मास्तर शिकवू शकतो, गवंडी भिंत चढवू शकत नाही. म्हणून वकिलाला नुसतं प्रमाणपत्र देऊन थांबू नका. अपघाताआधी काय काम करत होतात, मजुरी किती होती, मुकादमाची वही, बँकेतले जमा पैसे, जे मिळेल ते द्या. तपासणाऱ्या डॉक्टरांची साक्ष मागा, आणि हाताने काय होतं नि काय होत नाही हे त्यांच्याकडून तुमच्या कामाच्या भाषेत नोंदवून घ्या: थापी धरता येत नाही, घमेलं उचलता येत नाही, पहाडावर (परांचीवर) चढता येत नाही.